देवळालीजवळची १९४३ ची विलीज जीप: अस्सल कशी ओळखायची, आणि साडेआठ लाख द्यावेत का?

गंगापूररोडकर
मंडळी, देवळाली कॅम्पाजवळ एक जीप विकायला आहे. मालक सांगतात, विलीज एमबी (दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप), १९४३ ची, लष्कराच्या लिलावातून सुटलेली. ग्रिलला ९ फटी, डॅशबोर्डवर माहितीच्या पाट्या, स्टिअरिंग उजवीकडे, इंजिन प्यूजो डिझेल. आरसीवर मेक 'विलीज जीप', पहिली नोंदणी १९७९. साडेआठ लाख मागताहेत. शनिवारी बघायला जायचंय. खाली वाकून नेमकं काय तपासू? आणि विंटेज नोंदणी होईल का?

अंबड_चेसिस
पाट्या आणि ग्रिल आधी विसरा. दोन्ही नवीन बनून मिळतात आणि पाटीवर हवा तो नंबर ठोकून देतात. सात फटींच्या सीजेला (युद्धानंतरची नागरी जीप) नऊ फटींचं ग्रिल लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पट्ट्या वेल्ड केलेलं ग्रिल सुरुवातीच्या साधारण २५ हजार एमबींनाच होतं, म्हणून तेही मुद्दाम बनवून लावतात.

सोबत टॉर्च, थिनर, चिंधी, वायर ब्रश, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल आणि चुंबक घ्या. सुरुवात चेसिसपासून करा.

रेडिएटरच्या खाली चेसिसच्या दोन रेल जोडणारा आडवा तुकडा बघा. एमबीला तिथे गोल पाइप असतो. फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूला उलट्या यू आकाराचा चॅनल असतो. मालक विलीज म्हणतात आणि खाली चॅनल दिसला, तर चेसिस फोर्डची आहे. फोर्ड म्हणजे कमी दर्जा असं अजिबात नाही, पण मग कागद, पाट्या आणि चेसिस यांचं जमत नाही.

नंबरची जागाही वेगळी. एमबीचा नंबर डाव्या रेलच्या पुढच्या टोकाला, बंपरमागे, आतल्या अंगाला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. जीपीडब्ल्यूचा डाव्या रेलच्या वरच्या पृष्ठावर, इंजिन माउंटिंगच्या आसपास, थेट पत्र्यात ठोकलेला असतो. रंग थिनरने काढा, ग्राइंडर लावू देऊ नका. टॉर्च आडवी धरली की घासून पुन्हा ठोकलेली जागा खोलगट दिसते, आकड्यांची खोलीही कमीजास्त असते. ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. रिव्हेट नवे, चकचकीत असतील तर पट्टी दुसऱ्या चेसिसवरून आली असण्याचा संशय धरा.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोलाची खूण स्टिअरिंग. युद्धातल्या एमबी आणि जीपीडब्ल्यू डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या. उजवीकडे घेतलेलं असेल तर डाव्या रेलवर स्टिअरिंग बॉक्सची मूळ भोकं, नाहीतर ती बुजवल्याचं वेल्डिंग दिसलंच पाहिजे. डावी रेल तिथे कोरी असेल, तर बाकी काहीही दाखवलं तरी ती युद्धकालीन चेसिस धरू नका.

मग मागचा एक्सल. एमबी-जीपीडब्ल्यूचा फुल फ्लोटिंग: चाकाच्या मधोमध ६ बोल्टची फ्लँज दिसते. नंतरच्या नागरी सीजेंना बहुतेक करून मध्ये एकच मोठा कॅसल नट आणि कॉटर पिन. एक्सलचा रेशोही (दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) जागेवर तपासता येतो. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर आणि ट्रान्सफर (फोर-व्हीलचा जोडगिअर) न्यूट्रलला ठेवा. हँडब्रेक सोडायला विसरू नका, कारण या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलला फिरवणारा लांब दांडा) असतो, चाकावर नाही. मागचं एकच चाक जॅकवर घेऊन ते २ फेरे फिरवा (दुसरं चाक जमिनीवर स्थिर असतं, म्हणून दोन) आणि खडूची खूण करून शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला थोडा कमी, म्हणजे ४.८८, आला तर युद्धकालीन रेशो. साडेपाचाच्या जवळ, म्हणजे ५.३८, आला तर सीजेचा.

डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. पाना चुकीच्या दिशेने ओढला तर स्टड तुटतो. मालकाचा माणूस चाक काढत असेल तर आधीच सांगा.

पुट्टी_आणि_चुंबक
वरचं सगळं बरोबर. बॉडीबद्दल मी सांगतो.

मागे फळका (टेलगेट) आहे का बघा. एमबीला उघडणारा फळका नव्हता आणि स्टेपनी मागेच असायची. सीजे-२एला फळका असतो, स्टेपनी उजव्या बाजूला. तो वेल्ड करून बंद केलेल्या जीप एमबी म्हणून फिरतात. आतून, सीटच्या बाजूने हात फिरवा. दोन्ही कोपऱ्यांत उभा सांधा बोटाला लागतो, आणि चुंबक तिथे पुट्टीमुळे धरत नाही. पुढची काच एकसंध असेल तर ती सीजे-३एची. एमबीची काच दोन भागांत. बोनेट उंच आणि ग्रिलही उंच दिसलं तर सीजे-३बी, त्यावर वेळ घालवू नका.

हेडलाइटचा खटका सोडून दिवा मागे वळवता येतो का पाहा. युद्धातल्या जीपचा दिवा इंजिनावर उजेड पाडायला उलटा होतो. बिजागरी गंजून अडकलेली असली तरी चालेल, ती असायला हवी.

गंज कुठे शोधायचा? फ्लोअरच्या खाली आडव्या टोपीसारख्या पट्ट्या आहेत, त्यांच्या आत लाकडाचे तुकडे भरलेले असतात. लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. वरून नवा रंग, खालून पोकळ. स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत जा, आवाज दबका झाला की तिथे थांबा. जीप द्राक्षबागेत ट्रेलर ओढायला राबली असेल तर मागचा आडवा मेंबर आणि हुकाभोवतीचं वेल्डिंग नीट पाहा. फवारणीच्या मोरचुदाने पत्रा लवकर जातो आणि ओढून ओढून चेसिसला तडे पडतात.

एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूची. बोल्टवर फोर्डचा इंग्रजी 'एफ' काही ठिकाणी दिसला, काही ठिकाणी नाही, म्हणून फसवणूक समजू नका. लष्करी वर्कशॉपात दोन्ही कंपन्यांचे भाग सर्रास अदलाबदल होत. १९४४ पासून तर दोघांना बॉडी एकाच कारखान्यातून येत होती, त्यामुळे पुढच्या काळातली जीप फक्त बॉडीवरून ओळखू येत नाही.

पेठरोड_कागदपत्र
आरसीबद्दल. विंटेजचा नियम जुलै २०२१ चा आहे. विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, आणि ती वर्षं धरायची पहिल्या नोंदणीपासून, बनावटीच्या सालापासून नाही. तुमची १९७९ ची नोंदणी खरी असेल तर २०२९ पर्यंत ती विंटेज नाही, जीप १९४३ ची असली तरीही. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे, म्हणजे डिझेल बसवलेली असताना ती तिथे अडेलच. पात्र झालीच तर नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. आणि विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

आत्ता करायचं ते असं: टोकन देण्यापूर्वी पेठ रोडच्या आरटीओतून आरसी पर्टिक्युलर्स (नोंदणीतल्या माहितीचा उतारा) काढा. त्यात इंधन 'डिझेल' आहे का आणि इंजिन नंबर प्यूजोचा आहे का ते बघा. 'पेट्रोल' असेल तर बदल नोंदवलेलाच नाही, आणि नाव चढवताना तुम्हीच अडकाल. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० आरसीवर नाव असलेल्या मालकाच्या सहीचे हवेत. नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स कुठपर्यंत भरलाय तेही तिथेच कळेल. विम्यासाठी ५ वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, तेव्हा फोटो आणि नंबरांचे ठसे जपून ठेवा.

माझं मत: डिझेल, उजवं स्टिअरिंग आणि १९७९ ची नोंदणी या तिन्ही गोष्टी असताना 'युद्धकालीन' नावाचे जादा पैसे देऊ नका. वापराची जीप म्हणून भाव करा. चेसिस अस्सल निघाली तर तेवढ्यापुरती रक्कम वाढवा.

गंगापूररोडकर
खूप आभार. मालक आत्ता फोनवर म्हणाले, मूळ पेट्रोल इंजिन शेडमध्ये पडलंय, तेही देतो. त्याने किंमत बदलते का?

अंबड_चेसिस
बदलते, पण इंजिन खरंच युद्धकालीन असेल तरच. हेड सपाट आणि चार स्पार्क प्लग हेडच्या वर उभे असतील तर ते एल-हेड, २१९९ सीसीचं गो-डेव्हिल, म्हणजे युद्धातल्या जीपचं इंजिन. वर टॅपेट कव्हर असेल तर नंतरचं एफ-हेड, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला पुढे, ऑइल फिल्टरजवळच्या उंचवट्यावर. 'एमबी' किंवा 'जीपीडब्ल्यू' ने सुरू व्हायला हवा. 'जे' ने सुरू झाला तर नागरी सीजेचं. जीपीडब्ल्यूचं मूळ इंजिन आणि चेसिस यांचा नंबर एकच असायचा. एमबीमध्ये दोन्ही वेगळे असणं नेहमीचं, त्याला खोट म्हणू नका.

हेड काढून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारा केसासारखा तडा शोधा. ब्लॉक पुसून डिझेल लावा, कोरडा करा आणि वर खडू पसरा. तडा असेल तर ओली रेघ वर येते. तडा निघाला तर ते इंजिन भंगाराच्या भावाने धरा. आणि ते पुन्हा बसवणार असाल तर आधी आरटीओची परवानगी, मग पाना.