शेजाऱ्यांसाठी लसीची वेळ मिळवताना : अनुभव धागा

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोना लसीकरणाच्या कोविन या सरकारी संकेतस्थळावर स्वतःची नोंदणी झाल्यावर शेजारच्या काकूंची, घरकामाला येणाऱ्या मावशींची किंवा गावाकडच्या आजोबांची नोंदणी करून देणारे अनेकजण आपल्यात आहेत. त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. लस घ्यावी की नाही, हा वाद येथे नको. नेमके काय अडले आणि ते कसे सुटले, एवढेच लिहावे.

पुण्यातील एका सोसायटीतून

आमच्याकडे एकटे राहणारे ज्येष्ठ बरेच आहेत आणि बहुतेकांची मुले परगावी आहेत. १ मार्चला साठीच्या पुढील नागरिकांसाठी नोंदणी सुरू झाली, तेव्हा केंद्र शोधून देणे हे त्यातले सोपे काम होते. घोडे अडायचे ते ओटीपीपाशी. तो येणार त्यांच्या फोनवर, मी संगणकासमोर तीन मजले वर आणि त्याची मुदत जेमतेम तीन मिनिटांची. कित्येकदा चष्मा सापडेपर्यंतच ती संपून जाई. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर आकडा सांगायलाच तयार नव्हते. "अहो ताई, हा आकडा कोणालाही सांगू नका, असे मीच लोकांना बजावत होतो, आता तुम्ही फोनवर मागता म्हणून सांगू?" त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. शेवटी मी लॅपटॉप त्यांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला, दोन पायऱ्या वर जाऊन उभी राहिले आणि आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने भरला.

एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंदणी होऊ शकत असे, म्हणून ज्यांच्याकडे फोन नव्हता किंवा असून उचलला जात नसे, त्यांची नावे मी माझ्या क्रमांकावर घातली. त्याचा परिणाम असा, की त्यांचे सगळे संदेश माझ्याकडे येऊ लागले आणि ते वेळेवर पोहोचवणे हे माझेच काम होऊन बसले. मे महिन्यात केंद्रावर चार अंकी सुरक्षा कोड सांगण्याची पद्धत आली, तेव्हापासून मी तो कोड, केंद्राचा पत्ता आणि वेळ जाड पेनाने चिठ्ठीवर लिहून ती ओळखपत्राला रबराने बांधून देत असे. रांगेत उभ्या असलेल्या आजींना फोनमधला संदेश शोधायला लावणे बरे नव्हे.

ठाण्याहून, संगणक क्षेत्रात काम करणारा

१ मेपासून १८ ते ४४ वयोगट खुला झाला आणि त्यांना सुरुवातीला केवळ ऑनलाइन वेळ घेऊनच जाता येत होते. जिल्ह्याचे स्लॉट केव्हा उघडतील याचा काही नेम नसे आणि उघडले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते संपत. उपलब्ध स्लॉटची माहिती खुली असल्यामुळे मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून परिसरातील लोकांच्या टेलिग्राम गटावर सूचना पाठवत होतो. पुढे ही माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी मिळू शकेल अशी व्यवस्था झाली, आरक्षणासाठी कॅप्चाही आला आणि त्या सूचनांचा उपयोग पुष्कळ कमी झाला. तसे पाहिले तर त्या गटावर होते कोण? ज्यांच्याकडे लॅपटॉप, वेगवान इंटरनेट आणि दिवसभर पडद्याकडे पाहत बसण्याची सवड होती असेच लोक. आमच्या इमारतीच्या रखवालदारांसाठी मी स्वतः बसून नोंदणी केली, ते काम मला त्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त मोलाचे वाटते.

रायगड जिल्ह्यातील एका गावातून, शिक्षिका

वरील अनुभवाची दुसरी बाजू सांगते. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या आरोग्य केंद्राबाहेर शहरातून आलेल्या मोटारींची रांग होती आणि गावातली तरुण मुले कुंपणाबाहेर उभी राहून पाहत होती. शहरातल्या मंडळींनी नियम मोडला असे कोणी म्हणणार नाही, कारण जिल्हा निवडून कोणालाही कोणत्याही केंद्रावर वेळ घेता येत होती. परंतु आमच्याकडे रेंज मिळते ती देवळामागच्या चढावर आणि संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. मराठीची सोय जूनमध्ये झाली. गावातल्या आशाताई (आरोग्यसेविका) आणि मी घरोघरी जाऊन नाव, जन्मवर्ष आणि ओळखपत्राचा क्रमांक वहीत उतरवून घेत असू आणि संध्याकाळी त्या चढावर जाऊन नोंदणी करत असू. आधार कार्डच लागते, या समजुतीने काहीजण घरीच बसून होते. मतदार ओळखपत्र किंवा निवृत्तिवेतनाचे पासबुकही चालते, हे सांगितल्यावर ते तयार झाले. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर १८ ते ४४ वयोगटाचीही जागेवर नोंदणी करण्यास केंद्र सरकारने परवानगी दिली. त्या वेळी राज्यात लशीअभावी या गटाचे लसीकरण थांबलेले होते. ते पुन्हा सुरू झाल्यावर मात्र चढावर जाण्याचे काम बरेच कमी झाले.

नागपूरहून

माझा अनुभव केवळ दुसऱ्या डोसपुरता आहे. कोविशील्डच्या दोन डोसांमधील अंतर मार्चमध्ये सहा ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी ते बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. आधी घेतलेल्या वेळा रद्द होणार नाहीत असे जाहीर झाले होते, तरीही एका केंद्राने आमच्या वाड्यातल्या आजी-आजोबांना भर उन्हात परत पाठवले. त्यानंतर कोणालाही रिक्षात बसवण्यापूर्वी मी केंद्रावर फोन करून विचारत असे आणि प्रत्येकाची ८४ दिवसांनंतरची तारीख त्यांच्याच घरच्या कालनिर्णयवर लिहून येत असे.

मुंबईहून

१५ ऑगस्टपासून दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलने प्रवास करता येणार, असे जाहीर झाले आणि प्रमाणपत्राला एकाएकी महत्त्व आले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी दोन्ही डोस घेतले होते; पण पहिल्या वेळी मुलाचा फोन क्रमांक आणि दुसऱ्या वेळी स्वतःचा दिल्यामुळे त्यांच्या हातात पहिल्या डोसचीच दोन प्रमाणपत्रे होती. तोवर त्या दोन बसगाड्या बदलून येत होत्या. अशा दोन नोंदी एकत्र करण्याची सोय कोविनवरील तक्रार विभागात मिळाली, मात्र त्यासाठी मुलाच्या फोनवरून प्रवेश करावा लागला आणि मुलगा रात्रपाळीला असल्याने तो फोन हाती येण्यास वेळ लागला. तेव्हापासून कोणालाही दुसऱ्या डोससाठी पाठवताना मी पहिल्या प्रमाणपत्राची छापील प्रत बरोबर देत असे आणि तोच क्रमांक, तेच ओळखपत्र सांगा, असे दोनदा बजावत असे.