सोयाबीनवरच्या टॉवरचा ऊर्जा-ताळेबंद ६८ टक्क्यांवर अडकलाय: चूक वाऱ्यात शोधायची की मातीत?

शेतवारा

लातूर भागातलं शेत, खोल काळी माती. सोयाबीन ७० सें.मी. उंच, पानांनी जमीन जवळपास झाकलेली. टॉवरवर सॉनिक ॲनेमोमीटर (ध्वनिलहरींनी तिन्ही दिशांचा वारा आणि तापमान मोजणारा) ४ मीटरवर, बाजूला २० सें.मी.वर ओपन-पाथ गॅस ॲनालायझर (उघड्या हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारा). नोंद २० हर्ट्झ, सरासरी ३० मिनिटांची. हीट फ्लक्स प्लेट (मातीत जाणारी उष्णता मोजणारी) एकच, ८ सें.मी. खोल.

ऑगस्टअखेरच्या उघडिपीत दुपारी १२ च्या सुमाराचे आकडे वॅट प्रति चौ.मी. मध्ये: निव्वळ प्रारण (येणारं वजा परत जाणारं) ५२०, प्लेट ३५, संवेद्य उष्णता (हवा तापवणारी) ९०, बाष्पीभवनाची गुप्त उष्णता २४०. म्हणजे उपलब्ध ४८५ पैकी हवेत गेलेले दिसतात ३३०; हे गुणोत्तर, म्हणजे क्लोजर, ६८ टक्के. बाकीचे १५५ कुठे गेले? शिवाय रात्रीचे कार्बन डायऑक्साइडचे फ्लक्स (पिकावरून हवेत जाणारा प्रवाह) कधी शून्य, तर कधी अचानक चौपट येतात. सगळी रात्र टाकून द्यावी का?

मातीतली_उष्णता

आधी माती. प्लेट फक्त ८ सें.मी.वरून खाली जाणारी उष्णता सांगते. वरच्या ८ सें.मी.त जी साठते ती तिला दिसतच नाही, आणि तुमच्या हिशेबात ती कुठेच नाही.

ओल्या काळ्या मातीची उष्णताधारकता घनमीटरला साधारण २.५ मेगाज्यूल प्रति केल्विन धरा. तो थर अर्ध्या तासात नुसता अर्धा अंश तापला तरी २५ लाख × ०.०८ × ०.५ ÷ १८०० म्हणजे ५५ वॅट होतात. पेरणीनंतर जमीन उघडी असते तेव्हा अर्ध्या तासात एक अंश सहज चढतो, म्हणजे ११० वॅट. हे ५५ धरले तर उपलब्ध ऊर्जा ४३० वर येते आणि क्लोजर ७७ टक्क्यांवर जातं. उष्णताधारकता वर्षभर एकच ठेवू नका. मातीतलं पाणी आकारमानाने ३५ टक्क्यांवरून १५ वर आलं की ती २.५ वरून १.७ च्या आसपास उतरते. त्यामुळे प्लेटशेजारी ओलाव्याचा सेन्सर आणि २ व ६ सें.मी.वर तापमापक हवेतच.

काळ्या मातीचा स्वतःचा एक त्रास आहे. पाऊस ताणला की ती भेगाळते, प्लेटभोवती हवेची फट पडते आणि वाचन पडतं. खड्डा करून प्लेट ठेवून वरून माती लोटली असेल तर हे लवकर होतं. बाजूला चर खणा, न हललेल्या भिंतीत पातळ पात्याने आडवी खाच करा, प्लेट आत सरकवा आणि मग चर भरा. एक प्लेट पिकाच्या ओळीत, एक दोन ओळींच्या मध्ये. एकीवर भरवसा नको.

एक खूण सांगतो. क्लोजर सकाळी ९ ते ११ आणि दुपारी ३ ते ५ असं वेगवेगळं काढा. सकाळी फार कमी आणि संध्याकाळकडे १ च्या वर गेलं, तर गडबड साठ्याचीच.

खांबावरून

मातीचं पटलं, पण वाऱ्याला इतक्यात सोडू नका.

आधी स्पेक्ट्रम काढा, म्हणजे वाऱ्यातले चढउतार कोणत्या वारंवारतेला किती आहेत ते. उभ्या वाऱ्याची स्पेक्ट्रल घनता वारंवारतेने गुणून लॉग-लॉग आलेखावर मांडा. १ हर्ट्झच्या पुढे उतार उणे २/३ दिसायला हवा (न गुणता उणे ५/३, कोल्मोगोरोव्हचा १९४१ चा). त्याच पट्ट्यात उभ्या आणि वाऱ्याच्या दिशेतल्या स्पेक्ट्रमचं गुणोत्तर ४/३ जवळ यावं. ते १ च्या खाली असेल तर खांब, आडवा दांडा किंवा सॉनिकचीच डोकी प्रवाह बिघडवत आहेत. शेवटाला आलेख वर वळत असेल तर तो गोंगाट आहे. मध्येच एक टोकदार उंचवटा दिसला तर खांब हलतोय, ताणतारा कसा.

दिशा: पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, हिवाळ्यात ईशान्य-पूर्वेकडून. पश्चिमेला तोंड केलेलं सॉनिक नोव्हेंबरमध्ये खांबाच्या सावलीत मोजत राहतं. खांबामागचा दोन्ही बाजूंचा ३० अंशांचा पट्टा गाळा. हंगाम बदलला की दांडा फिरवा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

कल: १ अंश तिरकं बसलेलं सॉनिक ५ मी./से. वाऱ्यात ९ सें.मी./से.चा खोटा उभा वारा दाखवतं. दुहेरी फिरवणीने (दर अर्ध्या तासाला गणिताने अक्ष सरासरी वाऱ्याच्या रेषेत आणून) हे निघतं. पण संथ वाऱ्यात ती फिरवणी स्वतःच बेभरवशाची होते, तेव्हा काही आठवड्यांचा विदा घेऊन प्लेनर फिट करा (सगळ्या वाऱ्यांना मिळून एकच प्रतल बसवा). दांडा हलवला की नवा प्लेनर फिट.

आता दोन दुरुस्त्या. सॉनिकचं तापमान दमट हवेत खऱ्यापेक्षा जास्त भरतं, म्हणून बाष्पाचा वाटा वजा करावा लागतो. तुमच्या आकड्यांवर ते सुमारे १५ वॅट होतात, आणि त्याने क्लोजर *खाली* येतं. उलट ओपन-पाथला वेब, पिअरमन आणि ल्यूनिंग यांची १९८० ची घनता-दुरुस्ती लावली की गुप्त उष्णता जवळपास तेवढीच वाढते. एकच दुरुस्ती चालू असेल तर आकडा फसवा, दोन्ही तपासा. कार्बनसाठी तर ती टाळताच येत नाही. तिच्याशिवाय मे महिन्यातली नांगरलेली, उघडी जमीनसुद्धा दुपारी कार्बन शोषताना दिसते.

पिकाचं प्रकाशसंश्लेषणही धरा: सेकंदाला चौ.मी.मागे २५ मायक्रोमोल शोषण म्हणजे १२ वॅट. एवढं करून ८०-८५ टक्के आलं तर थांबा. अर्ध्या तासात न मावणारे मोठे, मंद भोवरे एका खांबाला दिसत नाहीत. उरलेली तूट भरून ताळेबंद १०० वर नेला तर मॉडेलवाले तो आकडा मोजलेला समजतील.

रात्रीचा_थर

रात्र सरसकट टाकू नका, तशी ठेवूही नका.

स्वच्छ रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते आणि टर्ब्युलन्स (हवेची घुसळण) तुटक होतो. तासभर काही नाही, मग दहा मिनिटांचा झोत. पिकात साठलेला कार्बन डायऑक्साइड त्या झोतात एकदम वर येतो. तुमचे "शून्य, मग चौपट" बहुतेक तेच आहेत.

म्हणून ३० मिनिटांचे ५-५ मिनिटांचे सहा तुकडे करा. तुकड्यांच्या कोव्हेरियन्सची (उभा वारा आणि वायू एकत्र किती बदलतात त्याची) सरासरी आणि पूर्ण ३० मिनिटांचा कोव्हेरियन्स यांत ३० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ती नोंद बाद. मग घर्षणवेगाची (हवेच्या घुसळणीच्या जोराचं माप) चाळणी. पिकांवर उंबरठा बहुधा ०.१ ते ०.२ मी./से. पडतो, पण दुसऱ्याचा आकडा उचलू नका. सारख्या माती-तापमानाच्या रात्री एकत्र घेऊन फ्लक्स घर्षणवेगासमोर मांडा. जिथे तो सपाट होतो तो तुमचा उंबरठा.

याआधी मात्र ॲनालायझरची काच पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे तिच्यावर दव बसतं. सिग्नलची ताकद पडलेली असेल तर पुढची कुठलीही चाचणी व्यर्थ. सॉनिकच्या मापनमार्गात कोळ्याचं जाळंही याच दिवसांत सापडतं. आठवड्याला एकदा मऊ ब्रश फिरवा, धातू लावू नका.

शेतवारा

क्लोजर वेगवेगळं काढलं. सकाळी १० ला ०.६०, दुपारी ४ ला १.०४. दोन्ही दुरुस्त्या चालू आहेत, उभ्या आणि वाऱ्याच्या दिशेतल्या स्पेक्ट्रमचं गुणोत्तर १.२९. पण गेल्या हंगामात वरच्या थरात तापमापक नव्हते, फक्त प्लेटचा विदा आहे. तो वाचवता येईल?

मातीतली_उष्णता

मग साठाच. जुना विदा अंदाजे वाचतो, फक्त सलग उघडिपीच्या दिवसांपुरता.

ओल्या मातीची उष्णता-विसरणता (उष्णता मातीत किती झपाट्याने पसरते त्याचं माप) ०.५ चौ.मि.मी. प्रति सेकंद धरली तर दिवसभराच्या तापण्या-निवण्याच्या लाटेची शमनखोली (लाट जेमतेम एक तृतीयांश उरते ती खोली) १२ सें.मी.च्या आसपास येते. म्हणजे ८ सें.मी.वर लाट निम्मी होते आणि सुमारे अडीच तास मागे पडते. प्लेटच्या दैनिक चक्राचे फूरिये घटक (ठरावीक कालावधीच्या साध्या लाटांत पाडलेले भाग) काढा. २४ तासांचा घटक दुप्पट करून अडीच तास अलीकडे आणा. १२ तासांचा २.६ पट, १ तास ५० मिनिटं अलीकडे. त्यापुढचे घटक घेऊ नका, गोंगाटच मोठा होतो. बेरजेत दिवसाची सरासरी परत मिळवायला विसरू नका. पावसाचा दिवस आणि भेगा पडल्यानंतरचे दिवस यातून वगळा, तिथे हे गणित लागू होत नाही.

यंदा २ आणि ६ सें.मी.चे तापमापक बसवले की हीच रीत यंदाच्या प्लेटवर चालवून थेट हिशेबाशी ताडून पाहा. विसरणतेचा तुमच्या शेताचा आकडा त्यातूनच निघेल, आणि गेल्या हंगामाला तोच लावा.