कॉलेजात असताना समुपदेशकाकडे जायचं कसं? अनुभवाच्या गोष्टी लिहा

रानजाई
भाचीला हॉस्टेलवर सोडायला गेले होते. जिन्याशी फळ्यावर '१४४१६' असा कागद दिसला आणि आमच्या वेळचं कॉलेज आठवलं. तेव्हा मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं तरी कुजबुज व्हायची. आता सोय आहे, पण मुलांना पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते कुणी सांगत नाही. माहीतगारांनी लिहा. उपदेश नको, तपशील हवेत.

माझ्याकडून हे: १४४१६ म्हणजे टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठीची, ऑक्टोबर २०२२ पासूनची सरकारी फोनसेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. अडचण एकच, खोलीत चार जणी असतात. गच्ची किंवा मेसमागची मोकळी जागा आधीच हेरून ठेवा.

निशिगंध
मुलं दारातून परत फिरतात कारण पहिलं वाक्य सुचत नाही. चिठ्ठी लिहून न्या. कधीपासून होतंय, झोप किती, जेवण कसं, किती लेक्चर बुडाली. 'तीन आठवडे झाले, पहाटे साडेतीनला जाग येते, जर्नल उघडलं की छाती धडधडते' एवढं पुरे. बोलवत नसेल तर चिठ्ठी हातात द्या, चालतं.

पहिलं सत्र साधारण पाऊण तासाचं, त्यातला बराच वेळ विचारपूस. म्हणून 'नुसतेच प्रश्न विचारले' म्हणत पुन्हा न जाणारे फार. तीन-चार वेळा जाऊन मग ठरवा. सूर जुळत नसेल तर तसं स्पष्ट सांगून दुसरं कुणी मागा, त्यात गैर काही नाही.

सदाफुली
घरी कळेल का, हाच पहिला प्रश्न असतो हो पोरांचा. जीव तुटतो ऐकताना.

कोकणकडा
सदाफुलीताई, मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २३. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. अपवाद आहेत, मुख्य म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका. ज्युनिअर कॉलेजातल्यांची गोष्ट वेगळी, अठराच्या आतल्यांना बहुतेक ठिकाणी पालकांची संमती लागते.

पहिल्याच दिवशी विचारा: नोंदवही कुठे राहते, कोण उघडतं, प्राचार्यांकडे नाव जातं का. कॉलेजातली समुपदेशक म्हणून तुमच्याच विषयाच्या मॅडम बसत असतील, इंटर्नलचे मार्कही त्याच देत असतील, तर बाहेर जा. त्या कितीही चांगल्या असल्या तरी मोकळं बोलणं होत नाही.

सदाफुली
आणि बाहेरची फी? खाजगीत एका सत्राचे पैसे म्हणजे मेसचा अर्धा महिना.

कोकणकडा
सरकारी ओपीडी. रत्नागिरी, ठाणे, येरवडा, नागपूर इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाला घाबरू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून लोक घरी जातात. मेडिकल कॉलेजांतही मानसोपचार विभाग असतो. केसपेपरची रांग सकाळी लागते, लवकर जा, जुने कागद सोबत न्या.

गवतीचहा
डबे भरताभरता लिहितेय. गोळ्यांबद्दल. समुपदेशक गोळ्या देत नाही, त्या मानसोपचारतज्ज्ञ देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा, बिनधास्त.

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. तिथेच पोरं सोडतात. दुसरी चूक, बरं वाटलं की परीक्षेच्या तोंडावर एकदम बंद. मग चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं. कमी करायची तर डॉक्टरच टप्प्याटप्प्याने करतात. सुट्टीत गावी जाताना पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवा.

पारिजात
रानजाई, भाचीला गादी कुठून घेतलीत? पुतण्याचं हॉस्टेल सोमवारी सुरू होतंय.

रानजाई
गादी तिथल्याच बाजारातून. आधी खाटेचं माप घ्या, आमची तीन फुटी निघाली आणि खाट अडीचची!

वाटसरू
ज्या कॉलेजात समुपदेशकच नाही तिथे: सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. अर्ज प्राचार्यांच्या नावे करा, दहा-बारा जणांच्या सह्या घ्या, ऑफिसात देऊन झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी विनंती विरून जाते.

निशिगंध
रूममेटसाठी एक राहिलं. तो 'आता नकोच सगळं' म्हणाला तर थेट विचारा, जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, वॉर्डनला उठवा, गोळ्यांची पाकिटं खोलीबाहेर न्या. जिवावर बेतलं असेल तर ११२ ला फोन. 'कुणाला सांगू नकोस' अशी शपथ घातली असली तरी ती मोडा.

पारिजात
हे पुतण्याला पाठवते. आणि खाटेचं मापही मागवते.