मार्चमध्ये राजापूरच्या सड्यावर दोन रात्री मुक्काम: पाणी, तंबू आणि फुरसं

खारवाट:
आम्ही चौघं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, शनिवार दुपार ते सोमवार सकाळ राहायचंय. जवळ वाडी नाही, विहीर नाही, सावली नाही. गाडीरस्त्यापासून तासभर चाल. जमीनमालकाची परवानगी घेतली आहे, पोलीस पाटलांनाही कळवलंय. पाणी किती न्यावं? जांभ्यात खुंट्या शिरत नाहीत, मग तंबू ताणायचा कसा? आणि फुरशाचं, त्या विषारी सापाचं काय? की खालच्या घळीत व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) झोपलेलं बरं?

कातळपाय:
पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, चार पिण्याला आणि एक रांधायला. चौघांचे दोन दिवसांचे चाळीस होतात, वर पाच-सात राखीव. म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर अकरा-बारा किलो. एका मोठ्या कॅनमध्ये सगळं भरू नका. जांभ्याची धार लागून कॅन फुटला तर सगळं पाणी जातं. पाच-पाच लिटरचे कॅन घ्या. तांदूळ घरीच धुऊन, कडक वाळवून न्या. भांडी आधी कागदानं कोरडी पुसा, मग चमचाभर पाण्यानं. अर्धा पसा मीठ आणि आगळ (कोकमाचा खारट रस) जवळ असू द्या, घामानं मीठ जातं.

तंबू स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा हवा, खुंट्यांवर तगणारा नको. दुपारी समुद्राकडून येणारा वारा सड्यावर अडवायला काहीच नसतं, म्हणून दार पूर्वेला ठेवा. दोऱ्या मोठ्या दगडाला बांधा, पण दोरी दगडाच्या धारेवर घासून तुटते, मध्ये जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा. खाली ताडपत्री हवीच, नाहीतर तळ चाळण होतो. मात्र ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडा; बाहेर राहिली तर दव ओघळून थेट अंथरुणाखाली येतं.

चूल पेटवू नका. मार्चमध्ये सड्यावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी खालच्या काजूच्या बागेपर्यंत जाते. गॅसची शेगडी बिनगवताच्या कातळावर ठेवा. वाऱ्याला आडोसा करताना गॅसच्या डब्याभोवती पूर्ण गुंडाळू नका. डबा तापला तर फुटतो.

सडेकरीण:
दगडांबद्दल एक महत्त्वाचं. तंबूला बांधायला जो दगड उचलाल, त्याच्याच खाली दिवसा फुरसं बसलेलं असतं. हातानं उचलू नका. काठीनं दगडाची पलीकडची बाजू उचलून तो आपल्याकडे कलता करा, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडे निघेल आणि दगड तुमच्यामध्ये आड राहील. त्याहून बरं, पाण्याचे भरलेले कॅनच पहिल्या रात्री वजन म्हणून वापरा. फुरसं अंग अंगावर घासून खरखर आवाज करतं. तो ऐकला की आहे तिथे थांबा, टॉर्च लावा, मग मागे सरा. संध्याकाळनंतर बंद बूट, तंबूची चेन कायम लावलेली, आणि सकाळी बूट झटकून घाला, त्यात विंचू असतो.

चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, चोखणं, काहीच नाही. अंगठी-घड्याळ काढा, वेळ लिहून ठेवा, अवयव पट्टीनं स्थिर करा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा. फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून त्रास लगेच दिसला नाही तरी दवाखाना चुकवायचा नाही. निघण्याआधी ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिसर्पविष आहे का ते विचारा, आणि गाडीपर्यंत कसं न्यायचं ते आधीच ठरवा.

व्हाळपलीकडे:
घळीत झोपू नका. मार्चमध्ये व्हाळ बहुधा आटलेला असतो. जे डबकं उरतं तिथे रानडुक्कर रात्री पाण्याला येतं. पाणी घ्यायचंच झालं तर फडक्यानं गाळून, खळाखळा उकळी आल्यावर मिनिटभर उकळत ठेवून घ्या. झाडोऱ्यातून चालल्यावर अंगावरची गोचीड शोधून काढा, कारण सिंधुदुर्गात 2016 पासून माकडताप आढळतो आणि तो गोचिडीतून पसरतो.

घळ दिवसासाठी मात्र चांगली. साडेदहा ते पाच सड्यावर थांबणं अंगावर येतं, त्या वेळी खालच्या सावलीत बसा.

जागा निवडताना सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कातळ नीट बघा. कातळशिल्पाच्या, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांच्या, चरांत माती-गवत भरलेलं असतं, ते दुपारी दिसत नाही. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे अशी ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आहेत, पण यादीत नसलेली चित्रं कितीतरी आहेत. त्यांवर तंबू, शेगडी, दगड काही नको. शौचाला सड्यावर खड्डा खणता येत नाही. माती असलेल्या उतारावर, पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खणा. कागद पिशवीत भरून परत न्या.