दोन दिवसांची रत्नागिरी: शहर बघायचं की गणपतीपुळे गाठायचं?

सागरगोटा
नोव्हेंबरात शनिवार-रविवार धरून रत्नागिरीला जाऊन आलो. निघण्याआधी ज्याला विचारावं त्याच्याकडून तीच यादी: गणपतीपुळे, आरे-वारे, पावस, जमलं तर जयगड आणि मार्लेश्वर. शहराचं नाव कुणी घेतलं नाही. शहर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. चार वर्षांपूर्वी मी हीच यादी पुरी केली होती. त्या सहलीतलं आठवतं ते एवढंच, मागच्या सीटवर पेंगणारी मुलं आणि "पुढचं बंद होईल" म्हणून चाललेली घाई. या खेपेला गाडी नेलीच नाही. रेल्वेने गेलो आणि शहराबाहेर पाऊल टाकलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. दोनच दिवस असतील तर पुळं पुढच्या खेपेला ठेवा.

एकट्या थिबा राजवाड्यातच माझी सकाळ गेली. ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. तेव्हा इकडे रेल्वे नव्हती, म्हणूनच ही जागा निवडली. राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये आणि राजा वारला १९१६ मध्ये. तीस वर्षांच्या कैदेत या वाड्याची त्याला सहाच वर्षं मिळाली. लोक तो वीस मिनिटांत उरकतात. मी एका खिडकीपाशी उभा राहिलो. वरच्या अर्धगोल रंगीत काचांतून ऊन आत आलं होतं. जमिनीवरचे लाल-निळे तुकडे सरकत सरकत भिंतीला लागेपर्यंत मी तिथून हललो नाही. मग विचारत विचारत शिवाजीनगरच्या वस्तीत त्याची समाधी गाठली. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बाबा, याला परत घरी का नाही नेलं?" ही यादी पळवत नेली असती तर हा प्रश्न आलाच नसता.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, १९३१चं पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, मांडवीची काळी वाळू, मिरकरवाड्याचा मासळीचा लिलाव. दोन दिवसांना एवढं पुरून उरतं.

जुई
तुमचं लिहिणं मनापासून आवडलं, पण मुद्दा पटला नाही. "पुढच्या खेपेला ठेवा" हे ज्याच्याकडे पुढची खेप आहे त्यानेच म्हणावं. माझी आई ७४ वर्षांची आहे. गुडघे धरलेत. पुळ्याला जायचं म्हणून ती कित्येक वर्षं थांबली, आधी आमच्या शाळा, मग बाबांचं आजारपण. मागच्या वर्षी नेलं. देवळाच्या डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची, ती तिने पाच ठिकाणी बसत पुरी केली. एका पायरीवर टेकली, पदराने चेहरा पुसला, समोर समुद्र होता, आणि म्हणाली, "आता काही राहिलं नाही." तिला मी राजवाडा दाखवून परत आणायचं होतं का?

सगळेच पर्यटक ठिकाणं मोजायला येत नाहीत. काहींचं एकच ठिकाण असतं आणि वर्षाला सुट्टी दोनच दिवस मिळते.

सागरगोटा
जुईताई, एकाच ठिकाणासाठी जाणाऱ्याशी माझं भांडण नाही. तुम्ही पाच वेळा बसत प्रदक्षिणा केलीत, म्हणजे तुम्हीही घाई केली नाहीत. माझा विरोध आहे तो एका दिवसात पावस, पुळं आणि जयगड उरकणाऱ्या वेळापत्रकाला. पावस दक्षिणेला, पुळं उत्तरेला. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी शांत बसावं म्हणून जायचं आणि ड्रायव्हरने दहा मिनिटांत हॉर्न वाजवायचा, हे मी अनुभवलंय.

मालगुंडकर
घाई वाईट, हे मान्य. पण त्यावरचा उपाय शहर कसा? शहरात राहूनही लोक दोन दिवसांत बारा ठिकाणं करतात. पुळ्यालाच मुक्काम करा आणि मालगुंडला या. केशवसुतांचा जन्म १८६६ मध्ये आमच्या गावात झाला. इथे त्यांचं स्मारक आहे. आधुनिक मराठी कविता ज्याच्यापासून मोजतात त्याच्या गावावरून गाड्या सुसाट जयगडला जातात. तुम्ही मुलांना राजवाड्यात थांबवलंत तसं कुणी त्यांना इथेही थांबवावं. आणि पुळं-मालगुंडच्या कित्येक घरांची चूल पर्यटकांवर पेटते. "पुळं सोडा" असं एका ओळीत लिहिताना तेवढा विचार व्हावा.

सागरगोटा
हे मान्य. "पुळं सोडा" ऐवजी "एकच जागा धरा" असं लिहायला हवं होतं. पण पहिल्यांदा येणाऱ्याने ती जागा रत्नागिरी शहर धरावी, यावर मी ठाम आहे. देवळापर्यंत लोक येणारच आहेत, समाधीपर्यंत कुणी येत नाही.

खाडीपल्याड
मी शहराच्या खाडीपलीकडच्या भाट्याचा, जन्म इथलाच. दोन गोष्टी सांगतो.

पहिली मिरकरवाड्याची. सागरगोटा, तुम्ही लिलाव बघायला जा म्हणून लिहिलंत. ते कामाचं बंदर आहे. होड्या लागल्या की बर्फ, टोपल्या, हातगाड्या यांची धांदल असते. माझी मावशी तिथे मासळी विकायला बसायची. तिच्या तोंडासमोर मोबाईल धरून व्हिडिओ काढणारे मी बघितलेत. बोली चाललेली असताना मधे उभं राहिलं की तिचं गिऱ्हाईक जातं. यायचं तर कडेने उभे राहा, विचारून फोटो काढा, जमलं तर मासळी विकत घ्या. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावाच्या आशेने येऊ नका.

दुसरी जास्त गंभीर. पुळं आणि आरे-वारे इथे माणसं बुडतात, दर वर्षी बुडतात. इथली जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. संकष्टीला पुळ्याला गर्दी उसळते. चतुर्थीची पाऊणपट म्हणजे तीन. लोक दर्शन घेतात, जेवतात आणि नेमके तिनाच्या सुमारास पाण्यात उतरतात. मग ओहोटी लागते आणि पाणी आत ओढायला लागतं. घाटावरच्या माणसाला पाणी मागे जाताना बघून वाटतं, आता धोका टळला. ते तेव्हाच ओढतं. किनाऱ्यावर जीवरक्षक शिट्टी मारतात, ती ऐका हो. कोण बुडालं की आमच्याच गावची पोरं पाण्यात उड्या घेतात.

शहर की पुळं, या वादात मी पडत नाही. एक दिवस ज्याला जे हवं ते बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाट्याला सुरूच्या बनात येऊन बसा आणि पुलापलीकडे दिवे लागताना बघा.

सागरगोटा
लिलावाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. आम्हीही मधेच उभे होतो, एका बाईंनी हाताने बाजूला सारलं तेव्हा राग आला होता. आता कळतंय.

जुई
खाडीपल्याड, हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात आईला परत नेतेय, या वेळी एक रात्र शहरात काढणार आहोत, राजवाडाही बघू. पुळ्याला जायचा दिवस षष्ठीचा येतो. तिला पाण्यात पाय बुडवायचेत, किती वाजता नेऊ?

खाडीपल्याड
षष्ठीची पाऊणपट साडेचार. भरती आणि ओहोटीत सहा तासांचं अंतर, म्हणजे सकाळी साडेदहाच्या आसपास पाणी पुरतं मागे गेलेलं असेल. हा ढोबळ हिशेब आहे, किनाऱ्यावर जीवरक्षकाला विचारून घ्या. दर्शन लवकर उरका आणि दहा ते अकरामध्ये आईंना वाळूवर न्या. ओली वाळू घट्ट असते, गुडघ्यांना सोपी पडते. घोट्याच्या वर पाणी येऊ देऊ नका, आणि त्यांचा हात सोडू नका.