मदत हवी आहे : ‘ओपन कोअर’ (गाभा मुक्त, वरचे काही भाग बंदिस्त) पद्धतीचे सॉफ्टवेअर मुक्त सॉफ्टवेअर मानावे का?

नमस्कार,

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतील आम्ही काही लहान फाउंड्री व मशिन शॉपवाले मिळून एक सामायिक ईआरपी (उद्योगाचा सारा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवण्याच्या विचारात आहोत. कच्च्या मालाचा साठा, जॉबवर्कची चलने, बिले आणि हिशेब एवढीच गरज आहे. जे बसवायचे ते मुक्त सॉफ्टवेअरच असले पाहिजे, म्हणजे उद्या पुरवठादार बदलला तरी काम अडणार नाही, ही अट बैठकीत सर्वांनी मान्य केली. आता आलेला एक प्रस्ताव ओडू (Odoo) या ईआरपी सॉफ्टवेअरवर आधारलेला असून ‘ओडू ओपन सोर्स असल्याने अट पूर्ण होते’ असे त्यात म्हटले आहे. ठरावाचा मसुदा माझ्याकडे असल्यामुळे हे विधान कितपत स्वीकारावे, याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

माझी समजूत अशी आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या व्याख्येनुसार कोणत्याही कारणासाठी वापरणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे ही चारही स्वातंत्र्ये मिळाली, तरच सॉफ्टवेअर मुक्त ठरते. ओडूच्या दोन आवृत्त्या आहेत, कम्युनिटी आणि एंटरप्राइझ. कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ती या कसोटीला पूर्ण उतरते. तिच्यात सोयी कमी असणे हा वेगळा मुद्दा आहे, कारण व्याख्या सोयी मोजत नाही आणि किंमतही पाहत नाही. एंटरप्राइझ आवृत्तीचा सोर्स कोड ग्राहकाला मिळतो व स्वतःपुरते बदलही करता येतात, परंतु वापर सशुल्क सदस्यत्वाशी आणि वापरकर्त्यांच्या संख्येशी बांधलेला असून प्रती वाटण्यास मनाई आहे. कोड डोळ्यांना दिसला एवढ्यावर त्याला मुक्त म्हणणे मला पटत नाही. गोम अशी की प्रस्तावात पूर्ण हिशेबाचे मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा वेगळा जोडता येणारा भाग) धरले आहे आणि ते एंटरप्राइझमध्येच येते. म्हणजे नाव कम्युनिटीच्या परवान्याचे पुढे करायचे आणि बसवायचे दुसरेच, असा हा प्रकार दिसतो.

गाभा मुक्त आणि वरची काही मॉड्यूल बंदिस्त अशी रचना एकाच सर्व्हरवर असेल, तर आमच्या अटीच्या दृष्टीने संपूर्ण प्रणाली नापास धरावी का? आणि कंपनीने पुढे गाभ्याचाच परवाना बदलला, तर आमच्याकडे असलेल्या प्रतीचे काय होईल?

प्रतिसाद

आपली मांडणी बरोबर आहे. निवाडा उत्पादनाच्या नावावर करू नये. प्रत्यक्ष हाती येणाऱ्या पॅकेजमधील प्रत्येक भागाच्या परवान्यावर करावा. गिटलॅब या कोड सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण बोलके आहे. त्याचे एंटरप्राइझ पॅकेज परवान्याची किल्ली न घालता बसवले तर फक्त मोफत सोयी चालतात, तरीही त्या पॅकेजमध्ये बंदिस्त परवान्याचा कोड असतोच; एमआयटी या मुक्त परवान्याखालील निव्वळ मुक्त कोड हवा असेल तर कम्युनिटी पॅकेजच घ्यावे लागते. तुमच्या अटीत ‘बसवलेला प्रत्येक भाग’ असे शब्द असतील, तर एक बंदिस्त मॉड्यूलही प्रणाली नापास करण्यास पुरेसे आहे.

ओडूमध्ये तपासणी सोपी आहे. प्रत्येक मॉड्यूलच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये (मॉड्यूलची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) परवान्याची नोंद असते : एलजीपीएल-३ किंवा एजीपीएल-३ असेल तर हरकत नाही, ओईईएल-१ किंवा ओपीएल-१ हे ओडूचे बंदिस्त परवाने असतील तर ते मॉड्यूल मुक्त नव्हे. पुरवठादाराने स्वतः लिहिलेल्या मॉड्यूलकडे विशेष लक्ष द्या, कारण कुलूप बहुधा तिथेच लागते.

परवाना बदलला तरी आधी मुक्त परवान्याखाली मिळालेली प्रत मुक्तच राहते. रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरने मार्च २०२४ मध्ये बीएसडी हा मुक्त परवाना सोडला, तेव्हा त्याआधीच्या कोडवरूनच वाल्की हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला. अर्थात असा प्रकल्प चालवणारी माणसे लागतात, आणि तेवढे बळ प्रत्येक सॉफ्टवेअरभोवती नसते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्टही पाहावे. ते जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली असून हिशेबाचा भाग त्यातच आहे.

धागाकर्ता

आभारी आहे. मॉड्यूलनिहाय परवान्यांची यादी पुरवठादाराकडून लेखी मागवतो. एक शंका उरते : कम्युनिटी आवृत्तीवर ओडू कम्युनिटी असोसिएशन या स्वतंत्र संस्थेची हिशेबाच्या अहवालांची मॉड्यूल बसवली, तर ती एजीपीएलची आहेत, आणि त्या परवान्यात नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना कोड देण्याची अट आहे. सर्व कारखाने एकाच सर्व्हरवर नेटवर्कमधून काम करणार असल्याने आम्हाला कोड जाहीर करावा लागेल का?

प्रतिसाद

मॉड्यूल आहे तसे वापरल्यास नाही. त्यात बदल केल्यास, नेटवर्कवरून ते वापरणाऱ्यांना, म्हणजे तुमच्या सभासद कारखान्यांना, बदललेला कोड मिळण्याची सोय ठेवावी लागेल. साऱ्या जगासाठी तो प्रसिद्ध करण्याची सक्ती नाही.