उ. : रिइन्स्टॉल करण्याआधी बायोस बघा

काल रात्रीपर्यंत धडधाकट असलेलं हॅकिन्टॉश (म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस) लाईट जाऊन आल्यावर अॅपलच्या लोगोवर अर्ध्या पट्टीत अडकतंय, असं तुम्ही म्हणता. वर दोघांनी रिइन्स्टॉल सुचवलंय. थांबा जरा, एवढी घाई नको.

आमच्या लातुरात मे महिन्यात लाईटीचा काही भरवसा नाही. माझंही गेल्या उन्हाळ्यात डिट्टो असंच झालं होतं. दोन दिवस ओपनकोरच्या (पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर) कॉन्फिगशी झटापट केली, आणि शेवटी बायोस (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्ज) उघडून बघतो तर तारीख २०१८ सालची! लाईट नसताना बायोसची तारीख आणि सेटिंग्ज टिकवणारा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेला होता. गंज गोलाईजवळच्या घड्याळाच्या दुकानात मिळाला, चाळीस रुपयांत काम.

पण नुसता सेल बदलून भागत नाही. बायोस डिफॉल्टवर गेला की सीएफजी लॉक (प्रोसेसरच्या पॉवर सेटिंगवरचं कुलूप) परत चालू होऊ शकतो, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं) चालू होऊ शकतं, एक्सएचसीआय हँडऑफ (यूएसबीचा ताबा सिस्टीमकडे देणारं सेटिंग) बंद पडू शकतो. हे एकेक करून पूर्ववत करा.

तरी नाही झालं तर ओपनकोरच्या कॉन्फिगमधल्या बूट-आर्ग्समध्ये ‘-v’ टाका, म्हणजे लोगोऐवजी स्क्रीनवर ओळी दिसतील, आणि शेवटच्या ओळीचा फोटो इथे द्या. ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ (बूट करायची डिस्क सापडत नाही) दिसलं आणि पेनड्राइव्हवरून बूट करत असाल, तर तो यूएसबी २ च्या पोर्टात लावून बघा. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ च पोर्ट मोजतं, आणि यूएसबी ३ चं एक भोक त्याच्या हिशेबी दोन धरतं, म्हणून पंधरापुढची पोर्टं त्याला दिसत नाहीत.

ग्राफिक कार्ड कोणतं ते लिहिलंच नाही राव तुम्ही.